उजवी खरखरीत, डावी गुळगुळीत

कळंब,
६ जुलै २००३

डॉ. सुदर्शन यांस,

सहा वर्षांनी तुम्हाला लिहिते आहे. घाबरू नका. श्रेयाबद्दल तक्रार नाही आणि जुनं काही उकरायचंही नाही. मला फक्त एक कागद हवा आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये जुन्नरच्या दवाखान्यात तुम्ही माझ्या खालच्या जबड्यात दाढांच्या जागी दोन इम्प्लांट बसवलेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. आठवत असेल. तालुक्यातले पहिले इम्प्लांट म्हणून तुम्ही पेढे वाटले होते, आणि ज्या बाईच्या तोंडात ते बसवले तिला मात्र आठवडाभर पातळ भातावर ठेवलं होतंत. लोक वेगळे होतात तेव्हा भांडी वाटून घेतात. मी तुमचे दोन टायटॅनियमचे स्क्रू हाडात घेऊन आले.

मार्चपासून उजव्या बाजूची हिरडी सुजते आणि दाबली की रक्त येतं. मी मिठाच्या गुळण्या करत राहिले. सुट्टीत श्रेया आली तेव्हा म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण तुझ्या तोंडाला वास येतोय." पहिल्या बाकावरच्या मुली माझ्यासमोर मान का वळवतात ते तेव्हा कळलं.

मंचरला डॉ. सफा म्हणून एक मुलगी दवाखाना चालवते. जुन्नरच्या वजीरभाईंची, ज्यांचं पेठेत बांगड्यांचं दुकान आहे त्यांची मुलगी. दहावीला माझ्याकडे विज्ञान शिकली. तुम्ही तिला 'ती गोळ्या-बिस्किटं खाणारी' म्हणायचात. आता ती दुसऱ्यांचे दात बघते. तिनं खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालून मोजलं. डावीकडे तीन मिलिमीटर, उजवीकडे आठ. वर पूही आला. एक्स-रे काढला तर उजव्या स्क्रूभोवतीचं हाड निम्म्यापर्यंत खाली गेलेलं.

मग तिनं फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "बाई, हे दोन्ही एकाच जातीचे आहेत का?"

मी म्हटलं, "एकाच दिवशी, एकाच माणसानं बसवलेत."

"डाव्याचे आटे कसे स्वच्छ दिसतात बघा. उजव्याची कड धुरकट आहे. खरखरीत पृष्ठभागाचा असावा."

"नाही. दोन्ही सारखे आहेत. तसं सांगितलं होतं त्यांनी मला."

हे मी ठामपणे सांगितलं. तुमची बाजू घ्यायची सवय गेलेली नाही, दुसरं काही नाही.

तिला आत जाऊन साफ करायचं आहे, त्यासाठी वरची कॅप काढावी लागेल. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला वेगळी चावी लागते म्हणे. स्क्रू कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा, पृष्ठभाग कसला, एवढं माझ्या फाईलमध्ये असेल. ती पाठवा. निरोपानं नको, पोस्टानं.

शीला


कळंब,
२ सप्टेंबर २००३

डॉक्टर,

तुमचं उत्तर मिळालं. रविवारी तुमच्याकडे जेवायला आलेल्या मुलीच्या तोंडी तुम्ही ते पाठवलंत. पत्राला पत्रानं उत्तर द्यायचं असतं हे मी आठवीच्या मुलांना शिकवते.

श्रेयानं निरोप जसाच्या तसा सांगितला. जुन्नरचा दवाखाना हलवताना जुन्या फायली गहाळ झाल्या. आणि वर, "आईला विचार, नीट ब्रश करते का."

नीट ब्रश करते का! अठरा वर्षांच्या मुलीनं हे आईला विचारायचं! पुण्यात तुमच्या दवाखान्यात म्हणे मासे ठेवलेत काचेच्या पेटीत. त्यांचं पाणी वेळेवर बदलत असाल. आणि ज्या जबड्यावर तुम्ही नाव कमावलंत त्याचा कागद तुम्हाला ठेवता आला नाही.

सफानं औषध भरलं, सूज थोडी उतरली. पण ती म्हणते, हे वरवरचं आहे. आत काय आहे ते कळल्याशिवाय ती हात घालणार नाही. मी तिला विचारलं, खरखरीत काय आणि गुळगुळीत काय, हाडाला त्याचं काय पडलंय? तिनं जे सांगितलं ते तुम्ही कधी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं असतंत तर!

ती म्हणाली, "बाई, पाट्याला टाकी लावून घेतो ना, तसं समजा. टाकी लावलेल्या पाट्यावर वाटण झटकन होतं, कारण खाचा पकडतात. हाडही खरखरीत स्क्रूला असंच लवकर धरतं. मऊ हाडात तर त्याचा फार उपयोग. गुळगुळीत स्क्रूला हाड धरायला वेळ लागतो, कधी धरतही नाही. पण पुढं काही वर्षांनी हाड खाली सरकलं आणि तो खरखरीत भाग तोंडात उघडा पडला, की खाचांमध्ये मसाला अडकून कुजावा तसे जंतू बसतात. ब्रशनं निघत नाहीत. गुळगुळीत असेल तर निदान पुसता येतं."

"मग चांगला कुठला?"

"दोन्हींच्या मधला, असं आता म्हणतात. त्या काळी मधला नव्हता. आणि कुठलाही असला तरी दर सहा महिन्यांनी बघावाच लागतो."

हे तिचं वाक्य मी तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. गेल्या सहा वर्षांत माझ्या तोंडात कोणी बघितलं नाही.

तरीही मी तिला परत सांगितलं की दोन्ही एकच असणार. डॉक्टर गर्विष्ठ आहेत, लबाड नाहीत.

शीला


कळंब,
१६ नोव्हेंबर २००३

सुदर्शन,

'डॉक्टर' गाळलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी डिंगोऱ्याला गेले. तुमच्या घरी नाही, जानकूकडे. दवाखान्यात अकरा वर्षं तुमची हत्यारं उकळून देणारा जानकू. तुम्ही पुण्याला जाताना त्याला बरोबर नेलं नाहीत, 'तिथं याचं काम नाही' म्हणालात. आता आळेफाट्याला हॉटेलात भांडी बघतो, सणाला घरी आला होता. मला बघून त्याच्या बायकोनं अंगणात घोंगडी टाकली. चहा झाल्यावर मी विचारलं.

तो हसला. "मला काय कळतंय त्यातलं, बाई? पर डब्या मीच फोडल्या व्हत्या. दोन निरनिराळ्या. एक निळी, एक पांढरी. साहेब म्हणले, निळी उजव्या हाताला, पांढरी डाव्या. इसरू नको. मी म्हणलो, साहेब, दोन्हीकडं येकच का न्हाई? तवा म्हणले, अरे, मग कळणार कसं कुठली बरी ते?"

मी म्हटलं, "मी तेव्हा कुठं होते?"

"तुमी खुर्चीतच की. तोंड उघडं व्हतं तुमचं. सुई दिलेली व्हती." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

घोंगडीवर बसून मी त्याला "ठाऊक होतं रे, विसरले" असं सांगितलं. त्याच्यासमोर तुमची लाज मी राखली. माझीही.

परत आल्यावर श्रेयाला कामाला लावलं. पुण्याच्या ग्रंथालयातून तिनं तुमच्या १९९६ च्या इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणली. त्या वर्षी तुम्ही इतके खुशीत का होतात ते आता कळलं. एकाच जबड्यात दोन पृष्ठभाग, दोन वर्षांचे निष्कर्ष. उजवीकडे चार महिन्यांत कॅप बसली, डावीकडे सात लागले, म्हणून खरखरीत श्रेष्ठ. मला तेव्हा सांगितलं होतंत की डाव्या बाजूचं माझं हाड आळशी आहे. मी ते खरं मानलं होतं. माझ्याच हाडाबद्दल मी ओशाळले होते!

लेखात माझं वर्णन आहे. स्त्री, वय चौतीस, निरोगी, सहकार्य करणारी. आमच्या तेरा वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्याबद्दल काढलेले हे सगळ्यात चांगले शब्द.

आणि त्याखाली एक ओळ. 'रुग्णास संपूर्ण माहिती देऊन तिची संमती घेण्यात आली.'

ती ओळ मी शब्दकोश घेऊन वाचली, न जाणो माझंच इंग्रजी चुकत असेल. चुकत नव्हतं.

मी विज्ञान शिकवते, सुदर्शन. एका झाडाला पाणी, दुसऱ्याला नाही, असे प्रयोग मी दरवर्षी पोरांकडून करून घेते. त्या संध्याकाळी माझ्यासमोर दोन डब्या ठेवून म्हणाला असतात की शीला, मला हे बघायचंय, तुझ्या तोंडात बघू का, तर मी वही काढून तुमच्याबरोबर तारखा लिहिल्या असत्या. तुम्हाला बायको नको होती, सहकार्य करणारी हवी होती. आणि ती घरातच आहे हेही तुम्हाला दिसलं नाही.

दोन वर्षांत लेख छापून मोकळे झालात. पुढं त्या दाढांचं काय झालं, या साध्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही. नववीच्या पोरानं असा प्रयोग लिहिला तर मी तो परत करते.

फाईल पाठवा.

शीला


कळंब,
२० जानेवारी २००४

सुदर्शन,

रविवारी स्टेजवरून तुम्हाला काय दिसलं माहीत नाही. पाचव्या रांगेतून मला काय दिसलं ते लिहिते, म्हणजे तुम्ही उगाच स्वतःच्या सोयीनं आठवत बसणार नाही.

तुमच्या पुण्यातल्या व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका श्रेयाच्या वहीत होती. 'इम्प्लांटचा पृष्ठभाग, दशकभराचा अनुभव.' दशकभराचा! ते वाचून मी सकाळच्या गाडीनं निघाले. दारात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुठला दवाखाना?" मी म्हटलं, "मंचर." तिनं माझ्या छातीवर बिल्ला लावला. एवढं सोपं असतं डॉक्टर होणं.

तुम्ही छान बोलता, ते आधीही माहीत होतं. सूट बरा होता. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर माझं तोंड आलं. दोन माणसं उभी राहतील एवढं मोठं. ओठ दोन्हीकडून ताणलेले. शेजारचे डॉक्टर बिस्किट खात होते. तुम्ही हातातल्या काठीनं दाखवलंत, हा उजवा, हा डावा. मला वाटलं सगळे वळून माझ्याकडे बघतील. कोणी बघितलं नाही. तोंडावरून माणूस ओळखता येत नाही, आतून बघितलं तर.

शेवटी मागून एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "सर, या केसला आता दहा वर्षं होत आली. उजव्या इम्प्लांटची आजची अवस्था काय?"

तुम्ही काठी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "दुर्दैवानं पेशंट पुढे तपासणीला आली नाही. संपर्क तुटला."

मी उभी राहिले. ठरवून गेले नव्हते, हे खरं सांगते. ऐकायचं आणि परत यायचं एवढंच ठरवलं होतं.

"संपर्क आहे," मी म्हटलं. "उजवीकडे आठ मिलिमीटर. रक्त येतं, पू येतो. हाड निम्मं गेलंय. डावीकडे तीन, काही त्रास नाही."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आपण कुठल्या डॉक्टर?"

"मी डॉक्टर नाही. मी ती स्त्री, वय चौतीस. आता चव्वेचाळीस."

तुम्ही माईकमध्ये "शीला" म्हणालात. सगळ्या सभागृहात माझं नाव घुमलं. मी म्हटलं, "पेशंट म्हणा. आणि लेखात लिहिलंय संमती घेतली. ती कधी घेतलीत तेवढं सांगा."

आता तुम्ही खोटं बोलाल याची मला खात्री होती. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "घेतली नव्हती."

बिस्किटवाल्यांचा हात थांबला. तुम्ही खिशातून कागद काढून विचारलंत, "आठ कुठल्या बाजूनं? गालाच्या की जिभेच्या?" मी म्हटलं, "गालाच्या." तुम्ही लिहून घेतलंत, तिथं उभं राहून, दीडशे माणसांसमोर.

मी बिल्ला टेबलावर ठेवून बाहेर आले. तुम्ही खोटं बोलला असतात तर मला फार सोपं गेलं असतं. आयुष्यभर पुरेल एवढी शिसारी तयार होती माझ्याकडे, ती घेऊन मी गाडीत बसले असते. तेवढंही तुम्ही धड करू दिलं नाहीत.

शीला


कळंब,
२८ मार्च २००४

सुदर्शन,

गहाळ झालेली फाईल दहा दिवसांत सापडली. अभिनंदन. एक्स-रे, डब्यांवरच्या चिकटपट्ट्या, तारखा, सगळं आहे. चावीही मिळाली. फाईल तुमच्या टेबलाच्याच कप्प्यात होती असं श्रेया म्हणाली. का दिली नाहीत ते विचारत नाही. ती उघडली असतीत तर तुम्हाला स्वतःचं अक्षर वाचावं लागलं असतं.

गेल्या शनिवारी सफानं काम केलं. कॅप काढली, हिरडी उघडली, आतली घाण खरवडली आणि उघडे पडलेले खरखरीत आटे बारीक चक्रानं घासून गुळगुळीत केले. तासभर डोक्यात पिठाची गिरणी चालू होती. धातूची काळी भुकटी ती सारखी पाण्यानं काढत होती. ज्या खरखरीतपणावर तुम्ही लेख लिहिलात तो तिनं घासून काढला.

काम झाल्यावर तिनं सांगितलं की तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. दोन तास. कळंबच्या एका म्हातारीच्या आणि कवळी बसवायला आलेल्या माणसाच्या मध्ये. तिच्या मदतनीस बाईनं तुम्हाला नंबर विचारला आणि तुम्ही "नंबर नाही" म्हणालात. आत आला नाहीत. सफानं बोलावलं तरी नाही म्हणालात. बरं केलंत. आला असतात तर तिला शिकवायला लागला असतात.

आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे. सभागृहात मी ती बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत, हे मला तिथंच लक्षात आलं होतं.

१९९७ ते ९९ मध्ये तुमच्या पुण्याच्या दवाखान्यातून मला चार कार्डं आली होती. 'आपली सहामाही तपासणी बाकी आहे.' छापील. खाली सहीऐवजी रबरी शिक्का. मी चारही फाडून चुलीत घातली. ज्या माणसानं दोनदा बोलावूनही मी पुण्याला गेले नाही, त्यानं मला रबरी शिक्क्यानं बोलवावं याचा संताप आला. पुण्याला का गेले नाही तेही सांगते. इथल्या शाळेत मला बाई म्हणतात, तिथं मिसेस डॉक्टर म्हटलं असतं.

पण कार्डं आली होती. तेव्हाच गेले असते तर उजवीचं हाड एवढं गेलं नसतं, असं सफा म्हणते. मी विचारलं म्हणून म्हणाली. तुमचा संपर्क मी तोडला होता. संमती न घेणं त्यानं धुतलं जात नाही, पण निरीक्षण अर्धवट राहिलं त्यात माझाही हात आहे.

यापुढं सहा महिन्यांनी आकडे पाठवत जाईन. फक्त आकडे. ते छापायचे, वाईट आले तरी. ही माझी संमती, आणि ही लेखी आहे.

शीला


कळंब, ३ ऑक्टोबर २००४

उजवी: चार, चार, पाच मिलिमीटर, तीन जागी मोजून. रक्त किंचित. डावी: तीन. सफाची सही सोबत.

शी.


कळंब, १० एप्रिल २००५

उजवी: चार, चार, चार. रक्त नाही. डावी: तीन. श्रेयाला पहिला वर्ग मिळाला, तो तिनं तुम्हाला सांगितलाच असेल.

शी.


कळंब, ७ मे २००६

उजवी: पाच, पाच, सहा. डावी: तीन.

तुमच्या नव्या लेखाचा अंक मिळाला. 'पूर्वीच्या लेखात रुग्णाची संमती घेतल्याचे नमूद केले होते. ते खरे नव्हते.' साडेनऊ वर्षं आणि एक ओळ. पण इतक्या सरळ ओळी तुम्ही फार लिहिल्या नाहीत. 'सहकार्य करणारी' हे मात्र तसंच ठेवलंत. असू दे.

शीला


कळंब, १८ नोव्हेंबर २००७

उजवी काढली. सप्टेंबरपासून हलत होती. सफानं चावी लावली आणि दोन वेढ्यांत बाहेर आली, भूल देऊनही माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सफाला वाटलं दुखलं. तेरा वर्षं नऊ महिने टिकली. डावी: तीन, तुमची ती आळशी बाजू. हे छापा.

शीला


कळंब,
१० फेब्रुवारी २००८

सुदर्शन,

तुमचं पत्र मिळालं. पोस्टानं, तीन पानं, तुमच्या अक्षरात. श्रेयाच्या लग्नाबद्दल काही असेल असं वाटून आधी शेवटचं पान वाचलं. मग पहिल्यापासून वाचलं. मग दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर परत.

उजवीकडे नवीन इम्प्लांट बसवावा असं तुम्ही सुचवता. आता मध्यम खरखरीत पृष्ठभागाचे मिळतात, त्यांची सात-आठ वर्षांची माहिती चांगली आहे, त्यापुढची अजून कोणाकडे नाही, असं तुम्ही स्वच्छ लिहिलंय. आधी हाड भरावं लागेल, ते धरेलच असं नाही. जबड्यातली नस जवळ आहे, ओठ बधिर होण्याचा धोका आहे, तो किती तेही लिहिलंय. न बसवल्यास काय होईल त्याला तर अर्धं पान दिलंय. आणि शेवटी, 'तुझा निर्णय काय तो कळव. घाई नाही.'

सफाला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "बाई, सरांनी फार व्यवस्थित लिहिलंय. करून घ्या. त्यांच्यासारखा हात पुण्यात नाही." हात चांगला आहे हे मला माहीत आहे. हाताबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

दोन आठवडे विचार केला. डाव्या बाजूनं भाकरी चावता येते. उजवीकडची खाच भरून आली आहे, जीभ तिथं जाते आणि परत येते. वर्गात बोलताना काही अडत नाही. अजून दहा वर्षं नोकरी आहे, त्यातले सहा महिने मला तोंड उघडं टाकून खुर्चीत पडायचं नाही.

चौदा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. आता विचारलंत.

नको.

शीला